नूतनीकरण स्वयंपाकघराचे : आधी काम, मग देखावा

घराचे रूप पालटून दाखवणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम आज जगभर आवडीने पाहिले जातात आणि त्यांत स्वयंपाकघराला नेहमीच मानाचे स्थान असते. अंधारी, कोंदट, डागाळलेली खोली तासाभराच्या आत उजळ आणि प्रशस्त होते, घरातील मंडळी तोंडावर हात ठेवून आश्चर्य व्यक्त करतात आणि कार्यक्रम संपतो. हे पाहून आपल्याही स्वयंपाकघराचे नूतनीकरण करावे, असे अनेकांना वाटू लागते. मात्र पडद्यावर जे दिसते, त्यापेक्षा जे दिसत नाही, तेच पुढे रोजच्या वापरात सोयीचे किंवा तापदायक ठरते. ओट्याची उंची, सांडपाण्याच्या नळाचा उतार, विजेच्या तारेची जाडी, फोडणीचा धूर बाहेर जाण्याची वाट या गोष्टी कॅमेऱ्यात येत नाहीत. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची पाठ, घराची सुरक्षितता आणि नूतनीकरणावर होणारा मोठा खर्च यांचा थेट संबंध मात्र त्यांच्याशीच असतो.

कार्यक्रमांची परंपरा

या प्रकाराची सुरुवात संथ आणि अभ्यासू होती. अमेरिकेतील बोस्टन येथील डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक प्रसारण केंद्राने १९७९ मध्ये 'धिस ओल्ड हाउस' हा कार्यक्रम सुरू केला. बॉब व्हिला हे त्याचे निवेदक, तर नॉर्म अॅब्रम हे सुतार होते. पहिल्या मालिकेसाठी बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागातील एक जुने घर निवडण्यात आले आणि त्या एकाच घराचे काम अनेक भागांतून टप्प्याटप्प्याने दाखवण्यात आले. भिंत उघडल्यावर आत काय आढळते, जुन्या नळजोडण्या कशा बदलतात, लाकूड कोठे कुजलेले असते, हे प्रेक्षकांना तपशीलाने समजावून सांगितले जात असे.

पुढे या प्रकाराचा वेग वाढला. घर आणि बाग या विषयांना वाहिलेली एचजीटीव्ही ही वाहिनी अमेरिकेत १९९४ च्या अखेरीस सुरू झाली. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९९६ मध्ये 'चेंजिंग रूम्स' हा कार्यक्रम आणला. त्यात दोन शेजारी एकमेकांच्या घरातील एक खोली दोन दिवसांत आणि ठरावीक रकमेत बदलत. याच कल्पनेवर २००० मध्ये अमेरिकेत 'ट्रेडिंग स्पेसेस' सुरू झाला. तेथे मर्यादा दोन दिवस आणि १,००० डॉलरची होती. २००३ ते २०१२ या काळात एबीसी वाहिनीवर चाललेल्या 'एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन' या कार्यक्रमात अडचणीत सापडलेल्या कुटुंबाचे घर सात दिवसांत नव्याने उभे केले जात असे.

'आधी' आणि 'नंतर' यांतील विरोध हा या सर्व कार्यक्रमांचा गाभा आहे. प्रेक्षकाला बदल एका दृष्टिक्षेपात दिसला पाहिजे, म्हणून रंग, प्रकाश, दर्शनी फळ्या आणि ओट्याचा दगड यांना महत्त्व येते. नळाची गळती थांबली किंवा विजेची अर्थिंग सुधारली, हे एका दृष्टिक्षेपात दाखवता येत नाही. परिणामी ज्या कामावर सर्वाधिक लक्ष हवे, तेच पडद्यावरून नाहीसे होते.

याचे बोलके उदाहरण 'चेंजिंग रूम्स'मध्येच घडले. एका भागात घरमालकिणीचा जुन्या किटल्यांचा संग्रह मांडण्यासाठी टांगत्या फळ्या बसवण्यात आल्या. फळ्या सुंदर दिसत होत्या. पण भार न पेलल्याने त्या कोसळल्या आणि जपून ठेवलेल्या किटल्यांचा चुराडा झाला. रचना डोळ्यांना पटली होती, भाराचा हिशेब मात्र चुकला होता.

पडद्यावरचे गणित

दोन किंवा सात दिवसांची मुदत पाहून प्रेक्षकांच्या मनात वेळेविषयी चुकीची कल्पना रुजते. सात दिवसांत घर उभे राहते, तेव्हा तेथे मोठा कामगारवर्ग दिवसरात्र पाळ्यांमध्ये राबत असतो आणि सर्व साहित्य आधीच येऊन पडलेले असते. आपल्याकडील बांधकाम प्रामुख्याने सिमेंटचे असते आणि सिमेंट घाई सोसत नाही. नव्या गिलाव्यावर साधारणतः किमान सात दिवस पाणी मारावे लागते. काँक्रीटची ताकद तर २८ दिवसांनंतरच्या चाचणीवरून ठरवली जाते. ओल पूर्ण वाळण्यापूर्वी रंग किंवा लाकडी कपाटे बसवल्यास पापुद्रे निघणे, लाकूड फुगणे आणि बुरशी धरणे हे प्रकार पहिल्याच पावसाळ्यात दिसू लागतात.

पैशाचे गणितही तसेच आहे. 'ट्रेडिंग स्पेसेस'मध्ये शेजारी स्वतः रंग लावत आणि कार्यक्रमाचे रचनाकार व सुतार त्यांच्या सोबतीला असत. या सर्वांची मजुरी बाजारभावाने द्यायची झाल्यास १,००० डॉलरमध्ये काम होणे कठीण होते. 'एक्स्ट्रीम मेकओव्हर'मध्ये साहित्य आणि श्रम मोठ्या प्रमाणात देणगीरूपाने मिळत. तरीही वाढलेल्या घराची देखभाल आणि कर पुढे काही कुटुंबांना पेलवले नाहीत, अशा बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांनी दिल्या होत्या. थोडक्यात, पडद्यावरील मुदत आणि रक्कम ही सामान्य कुटुंबासाठी अंदाजपत्रकाचा आधार होऊ शकत नाही.

शंभर वर्षांपूर्वीचा विचार

स्वयंपाकघर कामाच्या दृष्टीने कसे आखावे, याचा शास्त्रीय विचार दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. कारखान्यातील कामगाराच्या हालचाली मोजून काम सुलभ करण्याची पद्धत अमेरिकेतील क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१२ च्या सुमारास घरकामाला लावली. भांडी कोठे ठेवली असता किती पावले वाचतात, याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या लेखनाचा प्रभाव युरोपातही पडला.

ऑस्ट्रियातील वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या सार्वजनिक गृहयोजनेसाठी एक स्वयंपाकघर रचले. ते 'फ्रँकफुर्ट किचन' या नावाने प्रसिद्ध आहे. आगगाडीच्या भोजनयानातील अरुंद पण नेटक्या स्वयंपाकघराचा आदर्श त्यांच्यासमोर होता. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा या खोलीत धान्य व पिठासाठी नावे घातलेले अॅल्युमिनियमचे खण, खिडकीजवळ कामाची फळी आणि बसून काम करण्यासाठी फिरते आसन होते. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. एका वेळी एकच व्यक्ती काम करू शकेल इतकी ही जागा लहान होती, अशी टीकाही पुढे झाली. आजच्या नूतनीकरणात ही टीका विसरून चालणार नाही.

१९४० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात लहान घरांच्या रचनेवर झालेल्या अभ्यासातून 'कार्यत्रिकोणा'ची कल्पना पुढे आली. शेगडी, सिंक आणि शीतकपाट या तीन ठिकाणांमध्ये स्वयंपाक करणाऱ्याची सतत ये-जा होते. ही तीन ठिकाणे जोडल्यास होणाऱ्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर आणि तिन्ही बाजूंची बेरीज सुमारे ७.९ मीटरपेक्षा कमी असावी, असा संकेत रूढ झाला. अंतर याहून कमी असल्यास दाटी होते, जास्त असल्यास पाय थकतात.

चुलीपासून ओट्यापर्यंत

हे संकेत आपल्या घरांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. महाराष्ट्रातील पारंपरिक स्वयंपाक जमिनीवर बसून होत असे. चूल आणि तिला जोडून वैल, बसायला पाट, चिरायला विळी, भिंतीत फडताळ, वर शिंकाळे आणि कोपऱ्यात मोरी अशी ती मांडणी होती. बहुतेक वस्तू बसल्या जागी हाताच्या टप्प्यात असत. रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यानंतर स्वयंपाकाचा गॅस आल्यावर काम उभ्याने होऊ लागले. इंडियन ऑइलच्या 'इंडेन' गॅसची पहिली जोडणी १९६५ मध्ये कोलकाता येथे देण्यात आली. पुढील काही दशकांत शहरी घरांतून चूल गेली आणि ओटा आला.

या बदलात कामाची जागा वर गेली. पण कामाचे स्वरूप बदलले नाही. कणीक मळणे, पोळ्या लाटणे, भाकरी थापणे, वाटण करणे, नारळ खवणे ही जोर लावण्याची कामे आहेत. पाश्चात्त्य स्वयंपाकघराच्या मापांमध्ये त्यांचा विचार झालेला नाही. शिवाय आपल्याकडे रोज फोडणी पडते, तळण होते, डाळ-तांदळाचा साठा असतो आणि स्टीलची भांडी वजनदार असतात. म्हणूनच परदेशी छायाचित्रातील स्वयंपाकघर आपल्या घरी बसवण्यापूर्वी आपला स्वयंपाक समोर ठेवून मापे काढणे आवश्यक ठरते.

नियोजनाचा पहिला टप्पा : आठ दिवसांची नोंद

रंग आणि नमुने निवडण्यापूर्वी सध्याच्या स्वयंपाकघरातील व्यवहार आठ दिवस टिपून ठेवावा. एका वेळी किती जण काम करतात, किती शेगड्या एकदम पेटतात, कोणती वस्तू दिवसातून अनेकदा लागते आणि कोणती केवळ सणासुदीला, कोठे वाकावे लागते, कोठे स्टूल घ्यावे लागते, उष्टी भांडी कोठे साचतात, मिक्सर कोठे ठेवला जातो, या बाबींची नोंद करावी. आठ दिवसांनंतर खरी अडचण कोणती, हे आपोआप स्पष्ट होते. पुष्कळदा ती जागेच्या टंचाईची नसते. चुकीच्या ठिकाणी ठेवलेल्या वस्तूंची असते आणि भिंत न पाडताही सुटते.

ही नोंद जी व्यक्ती प्रत्यक्ष स्वयंपाक करते, तिनेच करावी आणि रचनेचा अंतिम शब्दही तिचाच असावा. अनेक घरांत निर्णय घेणारे एक आणि ओट्यापाशी उभे राहणारे दुसरे, असे चित्र दिसते. अशा वेळी देखणेपणाला झुकते माप मिळते आणि गैरसोय कायमची पदरी येते.

दुसरा टप्पा : उंची

सर्व मापांत सर्वांत महत्त्वाचे माप ओट्याच्या उंचीचे आहे. ते काढण्याची रीत सोपी आहे. घरात वापरायच्या चपला घालून सरळ उभे राहावे, हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. चिरण्यासारख्या हलक्या कामासाठी ओटा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटीमीटर खाली असावा. मळणे, लाटणे यांसारख्या जोराच्या कामासाठी तो आणखी खाली असलेला बरा.

उदाहरणार्थ, १५२ सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीचे कोपर जमिनीपासून साधारण ९६ सेंटीमीटरवर येते. तिच्यासाठी ओटा ८१ ते ८६ सेंटीमीटरचा असावा. अमेरिकेत रूढ असलेला ३६ इंचांचा, म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटरचा ओटा तिला उंच पडेल आणि पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागतील. सुमारे १६० ते १६८ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीला मात्र तोच ओटा योग्य ठरेल.

शेगडीपाशी आणखी एक अडचण येते. ओट्यावर शेगडी आणि शेगडीवर उंच पातेले ठेवले की पातेल्याची कड कोपराच्याही वर जाते आणि ढवळताना खांदा भरून येतो. याउलट सिंकचा तळ ओट्यापेक्षा बराच खोल असल्याने भांडी घासताना कमरेत वाकावे लागते. त्यामुळे जागा असल्यास शेगडीखालील भाग काहीसा खाली आणि सिंकचा भाग थोडा वर ठेवावा. तसे शक्य नसल्यास लाटण्यासाठी ओट्याखालून ओढून घेण्याची मजबूत फळी बसवता येते. ज्येष्ठांना बसून भाजी निवडता यावी, यासाठीही ही फळी उपयोगी पडते.

तिसरा टप्पा : क्रम आणि अंतर

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार जेवणाची जागा वेगळी असल्यास स्वयंपाकघराचे क्षेत्रफळ किमान ५ चौरस मीटर आणि रुंदी किमान १.८ मीटर असावी लागते. शहरांतील बहुसंख्य लहान सदनिकांची स्वयंपाकघरे याच मापाच्या आसपास असतात. १.८ मीटर रुंदीत दोन्ही बाजूंना ६० सेंटीमीटर खोल ओटे घातले, तर मध्ये केवळ ६० सेंटीमीटर वाट उरते. तेथे खालचा खण उघडून त्यासमोर उभे राहणेही शक्य होत नाही. अशा खोलीत एका बाजूला पूर्ण ओटा आणि समोर ३० सेंटीमीटर खोलीची मांडणी ठेवल्यास सुमारे ९० सेंटीमीटर वाट मिळते. दोन जणांना एकत्र काम करायचे असेल, तर ही वाट १२० सेंटीमीटरच्या आसपास असावी.

अरुंद खोलीत कार्यत्रिकोणाची सरळ रेषा होते. तेव्हा अंतरापेक्षा क्रम महत्त्वाचा ठरतो. शीतकपाटातून भाजी काढणे, सिंकमध्ये धुणे, चिरणे, शिजवणे आणि वाढणे हा कामाचा नैसर्गिक ओघ आहे. त्याच क्रमाने शीतकपाट, सिंक, मोकळा ओटा आणि शेगडी यांची योजना करावी. सिंक आणि शेगडी यांच्यामधील मोकळा ओटा शक्य तर ९० सेंटीमीटर आणि निदान ६० सेंटीमीटर असावा. शेगडीच्या दुसऱ्या बाजूलाही गरम पातेले उतरवण्यापुरती, सुमारे ३० सेंटीमीटर जागा राखावी. शेगडी खिडकीच्या झोतात, दाराच्या अगदी कडेला किंवा शीतकपाटाला चिकटून ठेवू नये.

साठवणुकीचा नियमही साधा आहे. रोज लागणाऱ्या वस्तू कंबर ते डोळे या उंचीच्या पट्ट्यात, जड वस्तू खाली आणि क्वचित लागणाऱ्या हलक्या वस्तू वर ठेवाव्यात. खालच्या खोल कपाटापेक्षा पूर्ण बाहेर येणारी ट्रॉली सोयीची असते. मात्र तिच्या रुळांची भारक्षमता स्टीलची भांडी भरून किती वजन होईल, हे पाहूनच निवडावी. ठरलेला आराखडा कागदावर प्रमाणात काढावा आणि नंतर खडूने जमिनीवर प्रत्यक्ष मापात आखून त्यात वावरून पाहावे. कागदावर न दिसलेल्या चुका या आखणीत लगेच लक्षात येतात.

भिंतीआडची कामे

पाणी : सिंकची जागा बदलायची झाल्यास सांडपाण्याच्या नळाला मीटरमागे साधारण २ सेंटीमीटर उतार द्यावा लागतो. सिंक तीन मीटर लांब नेल्यास ६ सेंटीमीटर उतारासाठी जागा हवी. ती नसल्यास पाणी तुंबते आणि चिकट थर साचतो. शिवाय ओल्या जागेखाली शेजाऱ्यांची कोरडी खोली येणार नाही, हे पाहणेही आवश्यक आहे.

वीज : आजच्या स्वयंपाकघरात एकाच वेळी अनेक उपकरणे चालतात. २३० व्होल्ट दाबावर ६ अँपिअरच्या जोडणीतून सुमारे १,३८० वॉट वीज घेता येते. इंडक्शन शेगडी किंवा गीझर साधारण २,००० वॉटचा असतो. त्यासाठी १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी हवी. इंडक्शन, गीझर आणि १,५०० वॉटची भट्टी एकदम सुरू झाल्यास भार सुमारे २४ अँपिअर होतो. जुन्या घरांतील तारा यासाठी घातलेल्या नसतात. त्यामुळे तारांची जाडी परवानाधारक तंत्रज्ञाकडून ठरवून घ्यावी, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाही प्रवाह खंडित करणारे आरसीसीबी बसवावे. दिवा केवळ छताच्या मध्यभागी असल्यास उभ्या व्यक्तीची सावली ओट्यावर पडते. म्हणून वरच्या कपाटांखाली स्वतंत्र दिवे द्यावेत.

गॅस : सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. नळाद्वारे येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असलेल्या घरात जमिनीलगत आणि नळजोडणी असलेल्या घरात छताजवळ हवा खेळती राहण्याची सोय हवी. देखावा बिघडतो म्हणून सिलिंडर पूर्णपणे बंद कपाटात ठेवणे धोक्याचे आहे. सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर असावी आणि रबरी नळीवरील मुदत पाहून ती बदलावी. नैसर्गिक वायूची नळजोडणी हलवण्याचे काम गॅस कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञांशिवाय इतर कोणाकडूनही करून घेऊ नये.

धूर : मोकळ्या स्वयंपाकघराची कल्पना या कार्यक्रमांनी लोकप्रिय केली. फोडणीच्या स्वयंपाकात मात्र तेलकट वाफा थेट दिवाणखान्यात पोहोचतात. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणाऱ्या चिमणीने उष्णता आणि वाफ बाहेर जात नाही. शक्य तेथे हवा नळीवाटे बाहेर टाकणारी चिमणी निवडावी. तिची नळी आखूड आणि कमी वळणांची असावी. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी ताजी हवा येण्यासाठी खिडकी किंवा झरोका खुला असणेही तितकेच गरजेचे आहे.

भिंत पाडण्यापूर्वी

हातोडा घेऊन भिंत पाडण्याचे दृश्य या कार्यक्रमांत हमखास असते. अमेरिकेतील बरीच घरे लाकडी सांगाड्याची असतात आणि त्यांच्या आतील अनेक भिंती हलक्या असतात. आपल्याकडील स्थिती निराळी आहे. जुन्या इमारतींत भिंतींवरच मजल्यांचा भार असू शकतो. गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांत अॅल्युमिनियमच्या साच्यांत, म्हणजे बोलीभाषेत 'मायवान' पद्धतीने उभारलेल्या उंच इमारतींत बहुतेक भिंती काँक्रीटच्या असून त्या इमारतीच्या सांगाड्याचाच भाग असतात. अशी भिंत तोडणे किंवा तारांसाठी तिच्यात खोल खाचा पाडणे संपूर्ण इमारतीला धोकादायक ठरू शकते.

त्यामुळे भिंतीला हात लावण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची परवानगी आवश्यक असते. रचनेत बदल होणार असल्यास स्थानिक पालिकेचे नियमही पाहावे लागतात. अन्य राज्यांत राहणाऱ्यांनी तेथील नियमांची चौकशी आधीच करावी.

साहित्याची निवड

ओट्यासाठी कडप्पा आणि ग्रॅनाइट हे दगड आपल्याकडे दीर्घकाळ वापरात आहेत. ग्रॅनाइट उष्णता आणि ओरखडे चांगले सोसतो. संगमरवर दिसायला सुंदर असला, तरी लिंबू, चिंच, कोकम यांच्या आम्लाने त्याची झिलई जाते आणि हळदीचे डाग राहतात. कपाटांच्या सांगाड्यासाठी प्लायवुड घ्यायचे झाल्यास सिंकखालील ओलसर भागात भारतीय मानक ७१० चे, म्हणजे मरीन दर्जाचे प्लायवुड वापरावे. कोकण, गोवा, मुंबई अशा दमट हवेच्या प्रदेशात साध्या लाकडी भुशाच्या फळ्या लवकर फुगतात. ज्या भागात पाणी जड आहे, तेथे नळ आणि सिंकवर क्षारांचे थर साचतात. अशा ठिकाणी घासून स्वच्छ करता येईल असा साधा, मजबूत नळ नक्षीदार नळापेक्षा टिकाऊ ठरतो.

कामाचा क्रम आणि खर्च

काम पुढील क्रमाने होणे हिताचे असते : आराखडा आणि परवानग्या, तोडफोड, नळ व विजेच्या भिंतीआडच्या जोडण्या, जलरोधन, गिलावा व फरशी, ओट्याचा दगड, त्यानंतर सुतारकाम, शेवटी रंग आणि उपकरणे. जलरोधनानंतर तो भाग पाण्याने भरून किमान २४ तास ठेवावा आणि खालच्या मजल्यावर ओल येत नाही, याची खात्री करावी. कपाटांची अंतिम मापे फरशी आणि ओटा बसल्यानंतरच घ्यावीत. भिंतीआडच्या नळांची आणि तारांची छायाचित्रे गिलाव्यापूर्वी काढून ठेवावीत. पुढे खिळा ठोकताना त्यांचा उपयोग होतो.

दरपत्रक घेताना एकूण आकड्यावर समाधान मानू नये. दर धावत्या फुटाचा आहे की चौरस फुटाचा, सांगाडा, दर्शनी फळ्या आणि बिजागऱ्या-रूळ यांची प्रत व किंमत स्वतंत्रपणे दिली आहे का, तोडफोडीचा मलबा कोण उचलणार, वस्तू व सेवा कर धरला आहे का, हे लेखी घ्यावे. जुनी भिंत उघडल्यावर अनपेक्षित कामे निघतातच. त्यासाठी अंदाजाच्या १० ते १५ टक्के रक्कम राखून ठेवणे शहाणपणाचे असते. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत. काम सुरू असताना दोन वेळच्या जेवणाची सोय कोठे होणार, हेही आधीच ठरवावे.

रक्कम अपुरी पडत असल्यास काटछाट कोठे करावी, हा प्रश्न येतो. दर्शनी फळ्या, रंग आणि शोभेचे दिवे पुढे केव्हाही बदलता येतात. नळ, तारा, जलरोधन आणि ओट्याची उंची बदलण्यासाठी मात्र सर्व काम पुन्हा उखडावे लागते. त्यामुळे आधी भिंतीआडच्या कामांवर खर्च करावा आणि उरलेल्या रकमेत दर्शनी भाग साधावा.

घरसजावटीचे कार्यक्रम कल्पना सुचवतात, नव्या साहित्याची ओळख करून देतात आणि जुन्या घरातही बदल शक्य आहे, असा विश्वास देतात. हा लाभ जरूर घ्यावा. मात्र त्यांची कथा घरच्यांच्या आनंदाश्रूंवर संपते, तर घरातील स्वयंपाकघराची परीक्षा त्यानंतर सुरू होते. काम ताब्यात घेण्यापूर्वी एक पूर्ण स्वयंपाक तेथे करून पाहावा. कणीक मळावी, पोळ्या लाटाव्यात, फोडणी द्यावी आणि भांडी घासावीत. त्यात पाठ दुखली नाही, धूर कोंडला नाही, पाणी तुंबले नाही आणि सावलीत चिरावे लागले नाही, तरच नूतनीकरण सफल झाले, असे म्हणता येईल.